भिंत दुरुस्त केल्याची फिर्याद

एक फिर्याद अशी आहे की ती अजून माझ्या डोक्यातून गेलेली नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पोरं पळवून नेलेली पाहिली. त्यांचे निकाल लागले आणि ती प्रकरणं फायलीत गेली. ही मात्र राहिली, कारण ती मला तेव्हा नीट समजली नव्हती, आणि आज पूर्ण समजली आहे असंही छातीठोकपणे सांगता येत नाही. यातल्या कुणाचंही नाव मी लिहिणार नाही. त्यांची मुलंबाळं हैदराबादेतच आहेत.

मी तेव्हा जामबागेच्या बाजूच्या एका ठाण्यात सब-इन्स्पेक्टर होतो. नवं आर्थिक धोरण येऊन चार-पाच वर्षं झाली होती. गल्लीगल्लीत एसटीडी बूथ उघडले होते आणि जुनी बैठी घरं पाडून तिथं अपार्टमेंटच्या पाट्या लागत होत्या. जागेची भांडणं ठाण्यात रोज यायची. कुणी कुलूप फोडलं, कुणी भाडेकरूचं सामान रस्त्यावर टाकलं, कुणी संडासची भिंत पाडली. त्यामुळे त्या सोमवारी सकाळी सफारी सूट घातलेले एक वकील माझ्यासमोर बसले आणि "माय बिल्डिंग हॅज बीन टॅम्पर्ड विथ," म्हणाले, तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नाही.

फिर्याद टाइप केलेली होती, इंग्रजीत, दोन पानं. गृहस्थ मराठीच होते, तीन पिढ्या हैदराबादेत, घराणं सरकारी नोकरीतलं आणि वकिलीतलं. राहायला हिमायतनगरला. जामबागेत त्यांची एक दुमजली इमारत होती. खाली बाइंडिंगचं दुकान, वर दोन खोल्यांत एक सेवानिवृत्त शिक्षिका, बाकीच्या खोल्या रिकाम्या. "तुम्ही ग्रॅज्युएट आहात म्हणून तुमच्याशी बोलायला बरं वाटतं," असं ते मला म्हणाले. मला ते आवडलं, हे कबूल करतो. माझे वडील बेगम बाजारात गोदामावर पोती उचलायचे. आमच्या सात पिढ्यांत बी.ए. झालेला पहिला माणूस मी. विद्यानगरला चौघांत एक खोली घेऊन, दुसऱ्याच्या पुस्तकावर अभ्यास करून झालेला. त्याचा मला अभिमान होता आणि अजून आहे. पण त्या सकाळी त्या अभिमानानंच माझ्या डोळ्यांवर हात ठेवला.

मी फिर्याद वाचली. पुन्हा वाचली. मग जमादारांना हाक मारली. जमादार म्हणजे आमचे हेड कॉन्स्टेबल, निवृत्तीला आलेले, शहराचा कोपरा न् कोपरा माहीत असलेले.

"क्या हुआ साब? चोरी?"

"चोरी नाही."

"तोडफोड?"

"ती पण नाही. कुणीतरी यांच्या इमारतीची दुरुस्ती केली आहे."

जमादारांनी माझ्याकडे पाहिलं, वकिलांकडे पाहिलं, आणि टोपी काढून डोकं खाजवलं. "दुरुस्ती कर्को भाग गए?"

प्रकरण असं होतं. शहराच्या कर खात्यानं त्या काळात एक सवलत काढली होती. मोडकळीला आलेली इमारत पाडून न टाकता मालकानं दुरुस्त केली, तर पुढची काही वर्षं मालमत्ता करात सूट मिळायची. अर्ज करायचा, काम करायचं, मग कर निरीक्षक येऊन मालकासमक्ष पाहणी करणार. वकीलसाहेबांना ही सूट नको होती. त्यांनी एका बिल्डरशी बोलणी केली होती आणि इमारत धोकादायक ठरवून रिकामी करून मिळावी असा अर्ज दुसऱ्या विभागाकडे दिला होता. आणि अचानक कर खात्याचं पत्र आलं: आपल्या सवलतीच्या अर्जानुसार येत्या शनिवारी सकाळी दहा वाजता पाहणी होईल, मालकानं हजर राहावं. वकील धावत जामबागेत गेले, तर पडायला आलेला सज्जा सरळ झालेला, भेगा बुजलेल्या, पुढची भिंत नव्यानं गिलावा केलेली.

"मी अर्ज केलेला नाही," ते म्हणाले. "सही बनावटच असणार. शनिवारच्या आत तुम्ही कर खात्याला तसं पत्र द्या. पाहणी झाली की माझा धोकादायकचा अर्ज संपला."

ते गेल्यावर मी कलमं काढून बसलो. नुकसानीचं कलम लावावं, तर कलम म्हणतं मालमत्तेची किंमत किंवा उपयोग कमी झाला पाहिजे. इथं तर भिंत चांगली झाली होती. अनधिकृत प्रवेशाचं लावावं, तर दार भाडेकरणीनं उघडलं असणार. राहिलं बनावट सहीचं कलम. मी जनरल डायरीत नोंद केली आणि कर खात्यातून त्या अर्जाची नक्कल मागवली.

मंगळवारी जागेवर गेलो. भिंतीला हात लावला तर ओली. सिमेंट नव्हतं ते. पांढरट, गुळगुळीत, आणि वासाला किंचित आंबूस. जमादारांनी नखानं खरवडून पाहिलं.

"चूना है साब. पुराना काम. गूळ, बेलफळ डाल्को पीसते. अब कोई नहीं करता ये."

मागच्या अंगणात चुन्याची टाकी सापडली, वर ओलं गोणपाट टाकलेलं. असा चुना महिना महिना भिजत ठेवावा लागतो, आणि गिलावा झाल्यावर रोज पाणी मारावं लागतं. म्हणजे रोज पाणी मारणारं माणूस आतलंच. मी जिना चढून वर गेलो.

शिक्षिकाबाई दारात बादली घेऊनच उभ्या होत्या. सत्तरीच्या, बारीक, नऊवारी नेसलेल्या. पोलीस पाहून माणसं सहसा बसायला सांगतात. यांनी मला उभंच ठेवलं.

"पाणी तुम्ही मारता?"

"हौ, मीच मारते. सकाळ-संध्याकाळ. मिस्त्री सांगून गेला, आठ दिवस सुकू द्यायचं नाही. का, पाणी मारणं गुन्हा झाला का आता?"

"काम कुणी करायला लावलं?"

"मालकांच्या घरून हुकूम आहे, असं मिस्त्री म्हणाला. वकीलसाहेबांना सुबुद्धी झाली असं वाटलं मला. देवापुढे साखर ठेवली मी त्यांच्या नावानं."

"ते म्हणतात त्यांनी सांगितलंच नाही. तुम्हीच कुणाकडून करवून घेतलं असेल. घर रिकामं करायला लागू नये म्हणून."

त्यांनी बादली खाली ठेवली. "इन्स्पेक्टर, तेहतीस वर्षं शिकवलंय मी. वर्गात काच फुटली की मी आधी मागच्या बाकावरच्या पोराला धरायची. निम्म्या वेळा तो नसायचाच. तुमचंही तसंच चाललंय." मग आवाज खाली आला. "मला जायला दुसरी जागा नाही, हे खरं आहे. म्हणून मी खोटी सही करीन, हे खरं नाही. मिस्त्री दुपारी येतो. त्यालाच विचारा."

दुपारी मिस्त्री आला नाही. बाइंडिंगवाल्याला विचारलं तर त्यानं हात वर केले. बुधवारी सकाळी जमादारांना बेगम बाजारातल्या एका दुकानदाराकडून खबर लागली की एक म्हातारा महिन्यापासून बेलफळं आणि गूळ घेऊन जातोय, आणि महाशिवरात्र तर जवळ नाही. त्याच सुमारास कर खात्यातून अर्जाची नक्कल आली. मजकूर इंग्रजीत, कोठी भागातल्या एखाद्या अर्जनवीसाकडून लिहून घेतल्यासारखा. खाली सही उर्दूत.

मी वकिलांना फोन करून विचारलं. "उर्दूत?" ते म्हणाले. "आमच्या घरात आता कोण उर्दू लिहितं?"

झालं. मी लगेच बोललो, "मिस्त्रीला आणा."

मिस्त्री साठ-पासष्टचा होता. बोटांची टोकं चुन्यानं खाल्लेली. त्याला बाकावर बसवलं. मी नक्कल त्याच्यापुढे धरली.

"ये दस्तखत तुम्हारा?"

त्यानं कागद हातात घेतला, फिरवला, परत दिला. "मेरेकू लिखना आता तो मैं चूना कायकू पीसता साब?"

ठाण्यातले दोघे-तिघे हसले. मला हसू आलं नाही.

"मग कुणी सांगितलं काम?"

"नहीं बताता."

"क्यों?"

"जुबान दिया मैं. आप मारना है तो मारो. भिंताँ तो मैं बनाया, वो मैं हौ बोलता. नाम नहीं बोलता."

मी मारणारा अधिकारी नव्हतो. पण दोन दिवस त्याला सकाळी बोलवायचो आणि संध्याकाळी घरी सोडायचो. या दोन दिवसांत मी सगळं करून पाहिलं. दमदाटी केली, चहा दिला, शिक्षिकाबाईंचं नाव घेतलं. तो मान हलवायचा. फक्त एकदा अस्वस्थ झाला, तेही केससाठी नाही. गुरुवारी दुपारी ऊन चढलं तेव्हा म्हणाला, "साब, दक्खन की तरफ की दीवार पे अम्मा का हात नहीं पहुंचता. उधर पानी कौन मार रहा?"

तेव्हा माझा गोंधळ कळसाला पोचला. कोणता गुन्हेगार असा असतो? मी खुर्चीत मागे रेललो आणि नक्कल टेबलावर टाकली. जमादार चहाचे कप उचलायला आले होते. त्यांची नजर कागदावर पडली आणि त्यांनी ओठांत ती सही वाचली. आडनाव वकिलांचंच होतं, पण नाव दुसरं.

"जमादार! तुम्हाला उर्दू वाचता येतं?"

"हौ साब. मेरी पढाईच उर्दू में हुई. पुरानी हुकूमत में."

"मग दोन दिवस सांगितलं का नाहीत?"

"आप पूछे नहीं. आप दस्तखत देखतेच बोले, मिस्त्री को लाव."

उर्दू सही म्हणजे मिस्त्रीच, असं मी धरून चाललो होतो. आपल्याच मराठी घरांतली जुनी माणसं निजामाच्या राज्यात उर्दूत शिकली, उर्दूत कचेऱ्या चालवल्या, हे मला माहीत नव्हतं असं नाही. सुचलं नाही. आणि त्याहून मोठी चूक म्हणजे इमारत कुणाच्या नावावर आहे हे मी विचारलंच नव्हतं. इंग्रजीत टाइप करून आणणारा माणूस तोच मालक, असं बी.ए. झालेल्या डोक्यानं परस्पर ठरवून टाकलं होतं. कर खात्याला फोन केला. इमारत वकिलांच्या वडिलांच्या नावावर होती. वडील हयात होते. वय ब्याऐंशी. पूर्वी तहसीलदार.

मिस्त्रीला मी एवढंच म्हणालो, "तहसीलदार साब?" त्यानं डोळे मिटले. "मैं नहीं बोला साब. आप बोले." इमारत पहिल्यांदा बांधली तेव्हा तो तिथं गारा कालवायला होता, हे त्यानं मग आपणहून सांगितलं. वकील कोर्टात गेले की म्हातारे सायकलरिक्षात बसून यायचे, समोरच्या हॉटेलात खुर्ची टाकून काम बघायचे आणि चारच्या आत घरी परत जायचे. मजुरी पेन्शनीतून. बाईंना कळू द्यायचं नाही, पोराला तर मुळीच नाही, अशी त्याच्याकडून जुबान घेतली होती.

मला वाटलं, केस सुटली. वकिलांना फोनवर सांगून शुक्रवारी सकाळी म्हाताऱ्यांचा जबाब घ्यायला हिमायतनगरला गेलो.

वकिलांनी मला बाहेरच गाठलं. चेहरा उतरला होता. "बाबांना हल्ली काही कळत नाही. परवा नातीला बहीण समजले. बँकेत ते इंग्रजीत सही करतात, ही उर्दू कुठून आली मला खरंच माहीत नाही. तुम्ही आत जा, आणि जे दिसेल ते लिहा." ते खरं बोलत होते की नव्हते, हे मला त्या दिवशी कळलं नाही आणि पुढेही कळलं नाही.

आत तहसीलदारसाहेब आरामखुर्चीत होते, कोट घालून. मला पाहताच कडाडले, "इतका उशीर? मिसल आणली का?"

ते मला त्यांचा जुना पेशकार समजत होते. म्हणजे कचेरीतला कारकून; आणि मिसल म्हणजे फाइल. मी सांगितलं, मी पोलीस अधिकारी. "बरं बरं," म्हणाले, आणि पुन्हा मिसल मागितली. वकिलांनी माझ्याकडे पाहिलं.

मी विचारलं, "जामबागेच्या इमारतीचं काम तुम्ही काढलंत?"

आणि तो माणूस बदलला. ताठ बसला. "सज्जा पेलणाऱ्या तीन कड्या कुजल्या होत्या. सागवानाच्या टाकल्या. दक्षिणेच्या भिंतीत पावसाचं पाणी मुरत होतं, तिथं सिमेंट चालत नाही, चुनाच पाहिजे. चांगली इमारत आहे, अजून पन्नास वर्षं उभी राहील. हा म्हणतो पाडायची. सरकार म्हणतं दुरुस्त करा, सूट देतो. मी कुणाचं ऐकू? सरकारचं की याचं?"

"बाबा, मी तुम्हाला समजावलं होतं."

"तू समजावलं नाहीस. तू म्हणालास, तुम्हाला कळत नाही." मग माझ्याकडे वळून, "पेशकार, जेवलास का? सूनबाईला सांग."

मी सगळं लिहिलं. पेशकार पण लिहिला, सागवानी कड्या पण लिहिल्या. वकील म्हणाले, "शेवटी एक ओळ टाका, मनःस्थिती ठीक नसावी असं वाटतं. तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत." पाहिलं तर होतंच. पण कड्यांचा हिशोबही याच डोळ्यांनी पाहिला होता. मी ती ओळ टाकली नाही आणि तिच्या उलट ओळही टाकली नाही.

ठाण्यात परतून सर्कल इन्स्पेक्टरना विचारलं. ते तेलुगू, स्वभावानं मोकळे. "इंटि गोडव मनकेंदुकय्या?" म्हणाले, म्हणजे घरातल्या भांडणाशी आपल्याला काय करायचंय. त्यांचं बरोबर होतं. पण उद्या शनिवार होता. मालक हजर नसला तर अर्ज रद्द होणार, इमारत धोकादायकच्या यादीत जाणार आणि बाईंचं सामान रस्त्यावर येणार. म्हाताऱ्यांना मुलगा घेऊन येणार नाही, हे उघड होतं. तपास माझ्याकडे होता. जागेचा पंचनामा अजून झालेला नव्हता. मी तो शनिवारी सकाळी दहाला ठेवला आणि म्हाताऱ्यांना जागेवर हजर ठेवण्यासाठी ठाण्याची जीप पाठवली. कायद्यात बसत होतं. जेमतेम.

दहाला सगळे जमले. कर निरीक्षक फॉर्म घेऊन आले होते, वकील स्कूटरवर, बाई जिन्यात, मिस्त्री भिंतीला टेकून. जीप थांबली. जमादारांनी हात देऊन तहसीलदारसाहेबांना उतरवलं. त्यांनी मान वर करून इमारतीकडे पाहिलं. पांढरी स्वच्छ भिंत, सरळ सज्जा.

मग म्हणाले, "छान ठेवलंय. कुणाचं घर?"

बाई एक पायरी उतरल्या. जुने भाडेकरू म्हाताऱ्यांना तात्या म्हणत. "तात्या, आपलंच."

"ऐकलंत?" वकील निरीक्षकांना म्हणाले. आवाजात जिंकल्याची धार होती, पण शेवटाला तो फाटला. निरीक्षकांनी पेनाला टोपण लावलं. मी पंचनाम्याचं पॅड घेऊन उभा होतो आणि माझ्याकडे एकही कलम नव्हतं, एकही प्रश्न नव्हता. या माणसाला मी ओढून आणलं होतं आणि चारचौघांत उघडं पाडलं होतं.

निरीक्षकांनी कर्तव्य म्हणून मूळ अर्ज पुढे केला. "ही दरखास्त तुमची आहे का?"

म्हाताऱ्यांनी कोटाच्या खिशातून चष्मा काढला. इंग्रजी मजकूर पहिल्यापासून वाचला, ओळीवर बोट ठेवून. आम्ही उन्हात उभे. खालपर्यंत आले, सहीवर थांबले.

"दरखास्त दिल्याचं आठवत नाही," ते म्हणाले. वकील काही बोलणार तोच त्यांनी हात वर केला, कचेरीत करत असतील तसा. "पण दस्तखत माझं आहे. आणि वाचल्याशिवाय, विचार केल्याशिवाय मी आयुष्यात कशावर दस्तखत केलं नाही. तेव्हा जे लिहिलंय ते बरोबर असणार. कायम करा."

निरीक्षकांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "मी पंचनाम्यात हेच शब्द लिहितोय." त्यांनी टोपण पुन्हा काढलं, भिंतीवर दोन ठिकाणी ठोकून पाहिलं आणि फॉर्म भरायला घेतला.

वकील खालच्या पायरीवर बसले होते. मला वाटलं आता आरडाओरडा करतील. ते उठले, वडिलांच्या चपलेचा अंगठा सुटला होता तो वाकून बसवला आणि म्हणाले, "चला बाबा, ऊन लागतंय." म्हातारे स्कूटरवर बसायला तयार होईनात. शेवटी दोघंही आमच्या जीपमधून गेले.

फिर्याद मी 'मिस्टेक ऑफ फॅक्ट' असा शेरा मारून बंद केली. सूट मिळाली. माझी बदली होईपर्यंत बाई त्याच दोन खोल्यांत होत्या. पुढचं मला माहीत नाही.

या केसनं काय शिकवलं, असं नवे अधिकारी विचारतात. पहिली गोष्ट सोपी आहे, ती मी सांगतो: कागदावर नाव कुणाचं आहे ते आधी विचारा, समोरचा कोणत्या भाषेत बोलतो ते नंतर बघा. दुसरी गोष्ट मला सांगता येत नाही. हाच म्हातारा आदल्या आठवड्यात बिल्डरच्या कागदावर सही करून बसला असता, आणि त्या शनिवारी हेच वाक्य बोलला असता, तर मी ते तितक्याच आदरानं लिहून घेतलं असतं का? बहुधा नाही. मी म्हणालो असतो, यांना आठवतच नाही, फसवलंय यांना. म्हणजे मी त्या माणसावर विश्वास ठेवला की त्या भिंतीवर? पुष्कळ विचार केला. उत्तर दोन्हीकडे जातं.

गेल्या नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेलो. मुलगा बरोबर होता. काउंटरवरच्या मुलीनं फॉर्म त्याच्यापुढे सरकवला आणि त्यालाच विचारलं, "अंकलना समजतं ना सगळं?" मी म्हणालो, "मला विचारा, बाई." ती ओशाळली. "सॉरी सर. आज तारीख काय, तेवढी वर टाका." मी पेन उचललं आणि तारीख मला आठवेना. मुलगा सांगायला पुढे झाला. मी हात वर करून त्याला थांबवलं, फॉर्म पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला, आणि तारखेची जागा तशीच ठेवून आधी सही केली.